एकवीस फायली : फायरस्टोन टायर आणि फोर्ड एक्स्प्लोररचं प्रकरण

जुलै १९९८. अमेरिकेतल्या स्टेट फार्म या विमा कंपनीत सॅम बॉयडन नावाचे संशोधन विश्लेषक काम करत होते. विमेदाराला भरपाई दिल्यावर, चूक एखाद्या वस्तूच्या उत्पादकाची असेल तर ते पैसे त्याच्याकडून वसूल होतील का, हे पाहणं त्यांच्याकडे होतं. एका दाव्यात फायरस्टोन टायरचा वरचा थर धावत्या गाडीत सुटून आला होता. बॉयडन यांनी जुने दावे चाळायला घेतले तेव्हा तशाच आणखी फायली निघाल्या. मोजल्या तर एकवीस. टायर एकाच जातीचे, रेडियल एटीएक्स. त्यातल्या बहुतेक गाड्याही एकच : फोर्ड एक्स्प्लोरर.

त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाला ई-मेल केला. सदोष गाड्या आणि टायर यांची चौकशी करणारी सरकारी यंत्रणा हीच. ई-मेल पोचला, वाचलाही गेला, पण पुढे काही झालं नाही. लाखो टायर रस्त्यावर असताना एकवीस म्हणजे किती, असा तो हिशेब होता. बॉयडन यांनी नंतरही आणखी प्रकरणं कळवली. अधिकृत चौकशी सुरू व्हायला मात्र मे २००० उजाडावा लागला. मध्ये बावीस महिने गेले.

या प्रकरणावर बोलताना बहुतेक जण दोष टायरचा की गाडीचा, या वादापासून सुरुवात करतात. तो वाद महत्त्वाचा आहे आणि त्यावर पुढे लिहिलंच आहे. पण मला जास्त अस्वस्थ करतात त्या या एकवीस फायली. प्रत्येक फायलीत कुणीतरी ओरडून सांगत होतं की चांगला दिसणारा टायर अचानक गेला. अशा ओरडण्याचं ज्ञानात रूपांतर व्हायला दहा वर्षं का लागली, हे मला या प्रकरणातून समजून घ्यायचं आहे.

गाडी आणि टायर

फोर्डने एक्स्प्लोरर १९९० मध्ये बाजारात आणली. रेंजर या पिकअपच्या सांगाड्यावर बेतलेली, उंच, ऐसपैस, सगळं कुटुंब सामानासकट मावेल अशी. बघता बघता ती अमेरिकेतली सर्वाधिक खपाची एसयूव्ही झाली. तिच्यावर मुख्यतः फायरस्टोनचे टायर येत : आधी एटीएक्स, मग वाइल्डरनेस एटी. पुढे सगळा वाद पेटला तो पी२३५/७५आर१५ या मापाच्या टायरवरून.

या दोन कंपन्यांचं नातं निव्वळ धंद्याचं नव्हतं. हार्वे फायरस्टोन आणि हेन्री फोर्ड हे जिवलग मित्र. १९०६ पासून फोर्डच्या गाड्यांना फायरस्टोनचे टायर जात होते. १९४७ मध्ये फोर्डचा नातू आणि फायरस्टोनची नात यांचं लग्न झालं. प्रकरण पेटलं त्या वर्षी फोर्डच्या अध्यक्षपदी असलेले विल्यम क्ले फोर्ड ज्युनिअर हे त्याच जोडप्याचे चिरंजीव, म्हणजे दोन्ही संस्थापकांचे पणतू. फायरस्टोन कंपनी मात्र १९८८ मध्येच जपानच्या ब्रिजस्टोनने २.६ अब्ज डॉलरला विकत घेतली होती.

आणि हे फायरस्टोनचं पहिलंच संकट नव्हतं. १९७८ मध्ये ‘फायरस्टोन ५००’ या टायरचे थर असेच सुटू लागले होते आणि सुमारे १.४५ कोटी टायर परत मागवावे लागले होते. ज्या कंपनीच्या इतिहासात हे पान आहे, तिने वीस वर्षांनी आलेल्या तशाच तक्रारींकडे इतरांपेक्षा आधी कान द्यायला हवा होता, असं मला वाटतं.

आत काय सुटतं

टायर आडवा कापला की रबरात दोन पट्टे दिसतात. बारीक पोलादी तारांचे, एकावर एक, तिरप्या आणि परस्परविरुद्ध दिशेने घातलेले. तारांवर पितळेचा मुलामा असतो, कारण टायर साच्यात भाजताना रबरातलं गंधक पितळेलाच धरतं. पोलाद आणि रबर एकजीव राहतात ते या पकडीमुळे. पट्टे जिथे संपतात त्या कडांवर तारांची टोकं कापलेली असतात. तिथे पितळ नसतं आणि म्हणून पकडही नसते. सगळ्यात कच्ची जागा ती. दोन पट्ट्यांच्या कडांमध्ये रबराची एक पाचर ठेवलेली असते, जेणेकरून दोघांची ओढाताण तिने सोसावी.

ताशी ११० किलोमीटर वेगाने या मापाचा टायर सेकंदाला तेरा वेळा फिरतो. दर फेऱ्यात जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो आणि उचलला की परत गोल होतो. या वाकण्यातून उष्णता तयार होते. हवा कमी असली, वजन जास्त असलं, रस्ता तापलेला असला की वाकणं वाढतं आणि टायर आणखी तापतो. रबर आतून हळूहळू ऑक्सिजन खात कडक होत जातं. मग एखाद्या तारेच्या टोकाशी केसाएवढी चीर पडते, ती कडेकडेने सरकते, आणि एक दिवस दोन पट्ट्यांच्या मधून आत शिरते. बाहेरून काही दिसत नाही. ट्रेडची, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या वरच्या थराची, नक्षी शाबूत, हवाही जागच्या जागी. फार तर स्टिअरिंगला बारीक थरथर येते किंवा चाकातून ठकठक ऐकू येते, आणि गाडीमालक बॅलन्सिंग करून घेतो.

शेवट मात्र क्षणात होतो. वरचा पट्टा ट्रेडसकट सालीसारखा निघतो आणि चाकाच्या खोबणीवर आपटत राहतो. पुष्कळदा हवा जातच नाही, कारण आतला सांगाडा धड असतो. पण त्या चाकाची रस्त्यावरची पकड संपलेली असते. मागचं चाक असेल तर गाडीचं बूड बाजूला फेकलं जातं. चालक घाबरून स्टिअरिंग उलट फिरवतो. उंच गाडी असेल तर ती कलंडते. एक्स्प्लोररच्या अनेक जीवघेण्या अपघातांचा क्रम हाच होता.

पट्ट्यांवरून नायलॉनचा एक जास्तीचा थर गुंडाळला तर ही साल सहसा अशी सुटत नाही. काही टायरमध्ये तो असतो. या टायरमध्ये नव्हता.

सव्वीस पौंड

एक्स्प्लोररच्या दाराच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर हवेचा आकडा छापलेला होता : २६ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर २६ पौंड दाब. फायरस्टोनच्या म्हणण्याप्रमाणे तो ३० हवा होता. टायरच्या अंगावर छापलेली कमाल मर्यादा होती ३५.

हा आकडा आला कुठून? गाडी बाजारात येण्याआधी, १९८९ मध्ये फोर्डच्या अभियंत्यांनी तीव्र वळणाच्या चाचण्या घेतल्या होत्या. काही चाचण्यांत चाकं जमिनीवरून उचलली गेली. उपाय म्हणून सुचलेल्या गोष्टींत हवा कमी ठेवणं ही एक होती. मऊ टायर वळणावर जमीन तितकी घट्ट धरत नाही, थोडा घसरतो, त्यामुळे गाडी उलटण्याआधी सरकते. शिवाय गाडी मऊ चालते. फोर्डने पुढे कायम सांगितलं की २६ चा आकडा आरामासाठी आणि हाताळणीसाठी निवडला आणि तो सुरक्षित आहे.

कागदावर २६ पौंड चालतील, असं मानू. पण महिनोन्‌महिने हवा न तपासलेल्या गाडीत काय होतं? टायरमधून हवा थोडी थोडी झिरपतच असते. ३० वरून चार पौंड उतरले तरी २६ उरतात. २६ वरून उतरले तर २२. भरलेली गाडी, पाच माणसं, टपावर सामान, टेक्ससमधला ऑगस्ट. चुकांना सामावून घेणारी मोकळी जागा आकड्यातूनच काढून घेतली होती आणि ती काढली होती गाडीचा तोल राखण्यासाठी. गाडीच्या उंचीचा भार अशा रीतीने टायरवर टाकला गेला, असं माझं मत आहे. त्यात उष्णता सोसण्याच्या सरकारी प्रतवारीत या टायरचा दर्जा ‘सी’, म्हणजे कायद्याने चालणारा सर्वांत खालचा.

तक्रारी कुठे अडकल्या

मोटारीच्या इंजिनाची, गिअरबॉक्सची, अगदी काच वरखाली करणाऱ्या मोटरचीही वॉरंटी गाडी कंपनीची. टायरची तेवढी टायर कंपनीची. ही जुनी रीत. एखाद्या एक्स्प्लोररवाल्याचा टायर गेला की तो टायरच्या दुकानात जायचा. तिथे झिजलेल्या नक्षीच्या हिशेबाने थोडे पैसे वजा करून नवा टायर मिळायचा आणि तो निघून जायचा. फोर्डच्या वॉरंटीच्या कागदांत त्याचा मागमूसही राहत नसे. आपल्या गाडीचा कोणता भाग किती वेळा निकामी होतो, हे स्क्रूपर्यंत जाणणाऱ्या कंपनीला चार टायरचं काही कळत नव्हतं.

बरं, फायरस्टोनला तरी कळत होतं का? त्यांच्या दर्जा विभागाची नजर असायची अशा बदलून दिलेल्या टायरच्या आकड्यांवर. ते आकडे ठीकठाक दिसत. अपघाताचे दावे, म्हणजे माणूस जखमी झाला, गाडीचा चुराडा झाला, असे कागद जायचे कायदा आणि दाव्यांच्या विभागात. तिथे एकेका दाव्याचा निकाल लावला जाई. पण सगळे दावे टायरच्या जातीनुसार, कारखान्यानुसार, सालानुसार एका तक्त्यात मांडून पाहणं हे त्यांचं कामच समजलं जात नव्हतं. २००० च्या उन्हाळ्यात ते मांडले गेले तेव्हा चित्र तासाभरात कळण्याइतकं स्पष्ट होतं.

पोलिसांच्या अहवालात तर टायरला जागाच नव्हती म्हणायची. चालकाचा ताबा सुटला, गाडी उलटली. कशामुळे सुटला हे लिहायला वेगळा रकाना नसेल तर टायर कसा मोजला जाणार?

मग होती न्यायालयं. जखमींच्या, मृतांच्या घरच्यांनी दावे लावले होते. त्यातले कित्येक तडजोडीने मिटले आणि तडजोडीसोबत कागदपत्रं गोपनीय झाली. याहून बोचणारी एक गोष्ट पुढे उजेडात आली. पीडितांच्या काही वकिलांना आणि त्यांच्या तज्ज्ञ सल्लागारांना १९९६ च्या सुमारासच हा साचा दिसला होता. त्यांनी तो सुरक्षा प्रशासनाला कळवला नाही. भीती अशी, की सरकारने वरवर चौकशी करून ‘दोष नाही’ म्हणून फाईल बंद केली तर कोर्टातले दावे कोसळतील. आपल्या अशिलाशी इमान राखणं म्हणून हे समजू शकतं. पण पुढच्या चार वर्षांत त्याच टायरवर गाडी चालवणाऱ्यांशी इमान कुणी राखायचं होतं? या प्रकरणात मला सर्वांत जड जाणारी जागा हीच आहे, कारण इथे अज्ञान नव्हतं.

आणि सगळ्यांवर पुरून उरणारं उत्तर तयार होतंच : मालकाची हयगय. हवा कमी ठेवली, वजन जास्त घातलं, वेगात चालवली, पंक्चर नीट काढलं नाही. १९९६ मध्ये ॲरिझोना राज्याच्या सरकारी खात्यांनी आपल्या एक्स्प्लोररचे टायर सुटत असल्याची तक्रार केली होती. फायरस्टोनच्या माणसांनी टायर पाहिले आणि गैरवापर झाल्याचा निष्कर्ष काढला. या उत्तराची ताकद अशी की ते अधूनमधून खरंही असतं. लोक खरोखरच हवा तपासत नाहीत. म्हणून प्रत्येक सुट्या तक्रारीला ते चपखल बसतं. फक्त एक प्रश्न त्याने सुटत नाही : हयगय करणारे लोक सगळ्याच कंपन्यांचे टायर वापरतात, मग वरचे थर एकाच जातीच्या टायरचे इतके का सुटावेत?

देशाबाहेरही हेच चाललं होतं. सौदी अरेबियात, त्या उन्हात, एक्स्प्लोररचे टायर सुटत असल्याचं विक्रेते कळवत होते. ऑगस्ट १९९९ मध्ये फोर्डने तिथले टायर स्वतःच्या खर्चाने बदलायला सुरुवात केली. पुढे फेब्रुवारी २००० मध्ये मलेशिया आणि थायलंड, मे महिन्यात व्हेनेझुएला. नाव दिलं होतं ग्राहकांना सूचना देण्याची मोहीम, ‘रिकॉल’, म्हणजे सदोष माल परत मागवणं, हा शब्द नव्हता. फोर्डच्याच मार्च १९९९ च्या एका अंतर्गत टिपणात नोंद आहे की सौदीत असं काही केलं तर अमेरिकेच्या वाहतूक खात्याला कळवावं लागेल, अशी काळजी फायरस्टोनच्या कायदा विभागाला वाटते. त्या वेळच्या कायद्यानुसार परदेशातली अशी मोहीम अमेरिकी सरकारला कळवणं बंधनकारकच नव्हतं. कुणी कळवलीही नाही.

ह्यूस्टनची बातमी

७ फेब्रुवारी २००० रोजी ह्यूस्टनच्या केएचओयू या दूरचित्रवाणी वाहिनीने ॲना वर्नर यांचा वृत्तांत दाखवला. टेक्ससमधले अपघात, फायरस्टोनचे टायर, एक्स्प्लोरर गाड्या, सगळं एका ओळीत ठेवून. वृत्तांत संपायच्या आत फोन सुरू झाले. आमच्याही गाडीचं असंच झालं होतं, असं सांगणारे लोक. वाहिनीने त्यांना सुरक्षा प्रशासनाकडे तक्रार नोंदवायला सांगितलं. फायरस्टोनने वाहिनीला खरमरीत पत्र पाठवून वृत्तांत दिशाभूल करणारा असल्याचं कळवलं. पण तक्रारींचा ओघ आता एका पत्त्यावर जात होता. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या दुकानांत, कचेऱ्यांत, कोर्टांत विखुरलेली माणसं पहिल्यांदा एकाच रांगेत उभी राहिली.

२ मे रोजी प्राथमिक चौकशी सुरू झाली. जुलैअखेर फोर्डला फायरस्टोनकडून दाव्यांची माहिती मिळाली आणि त्यांच्या विश्लेषकांनी ती लावून पाहिली. १५ इंची एटीएक्स आणि इलिनॉय राज्यातल्या डेकेटर कारखान्यात बनलेले वाइल्डरनेस एटी, हे टायर बाकीच्यांपेक्षा उठून दिसत होते. ९ ऑगस्टला फायरस्टोनने रिकॉल जाहीर केला : तोवर बनलेले १.४४ कोटी टायर, त्यातले साधारण ६५ लाख अजून रस्त्यावर. त्या आठवड्यात या टायरशी जोडलेल्या मृत्यूंचा सरकारी आकडा ४६ होता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, सुनावण्या सुरू झाल्या तेव्हा तो ८८ झाला होता. अखेरीस तो २७१ वर पोचला, जखमी ८०० हून जास्त.

इतके टायर आणायचे कुठून, याचा विचार मात्र जाहीर करण्याआधी पुरेसा झाला नव्हता. आधी ॲरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, टेक्सस ही उष्ण राज्यं, बाकीच्यांनी थांबायचं. ज्यांना थांबायचं होतं त्यांनी तेच टायर चालवायचे का, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. ओरड झाल्यावर दुसऱ्या कंपनीचा टायर घ्या, शंभर डॉलरपर्यंत पैसे देऊ, असं ठरलं. जपानहून विमानं भरून टायर आले. फोर्डने आपले तीन कारखाने काही आठवडे बंद ठेवले आणि नव्या गाड्यांसाठीचे सुमारे सत्तर हजार टायर दुकानांकडे वळवले.

आपला टायर यादीत आहे का, हे मालकाला कळायचं टायरच्या अंगावरच्या डीओटी क्रमांकावरून, म्हणजे अमेरिकी वाहतूक खात्याच्या नियमाने प्रत्येक टायरवर उठवलेल्या ओळख क्रमांकावरून. डेकेटरचं अक्षरचिन्ह होतं ‘व्हीडी’. पण पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला उठवलेला असे आणि ती बाजू पुष्कळदा आत, गाडीच्या पोटाकडे वळवून बसवलेली. मग जमिनीवर पाठ टेकायची, टॉर्च धरायचा, चिखल पुसायचा आणि काळ्यावर काळी अक्षरं बोटाने चाचपत वाचायची. पोरांना त्याच गाडीतून शाळेत सोडायचं की नाही, हे चार वेळा चार चाकांखाली सरपटून ठरवायचं होतं.

डेकेटर

या कारखान्यात जुलै १९९४ पासून संप होता. ब्रिजस्टोन-फायरस्टोनने बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि कमी वेतनाच्या अटी पुढे केल्या होत्या. संपकऱ्यांच्या जागी बदली कामगार घेतले गेले. जुने कामगार हळूहळू परत आले ते बदल्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करायला, आणि अंतिम करार व्हायला डिसेंबर १९९६ उजाडला. ॲलन क्रूगर आणि अलेक्झांडर मास या प्रिन्स्टनच्या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे कारखान्यानुसार आणि महिन्यांनुसार टायरचे दावे तपासले. डेकेटरमध्ये या तंट्याच्या काळात बनलेले टायर जास्त निकामी झाले होते. यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते : नुसत्या अननुभवी बदली कामगारांनी हे घडलं असं दिसत नाही. अटी लादल्या जात होत्या तेव्हा आणि जुने व बदली कामगार शेजारी शेजारी उभे होते तेव्हाचे टायर सर्वांत वाईट निघाले. टायर तेव्हा बराचसा हातांनी बांधला जाई. त्या हातांना आपला अपमान आठवत असेल तर पट्ट्याची कड जुळवताना काय होतं, हे यंत्राच्या मापात सापडत नाही.

फायरस्टोनने नेमलेले कॅलिफोर्निया विद्यापीठाचे संजय गोविंदजी यांनी फेब्रुवारी २००१ मधल्या अहवालात एकच कारण दिलं नाही. उष्ण हवामान, टायरची रचना, डेकेटरमधली रबर तयार करण्याची वेगळी पद्धत आणि वापरातले घटक, जसं की कमी हवा आणि भार, या सगळ्यांचा मेळ त्यांनी मांडला. ऑक्टोबर २००१ मध्ये सुरक्षा प्रशासनाचा निष्कर्ष आला. पट्ट्यांच्या कडांमधली ती रबराची पाचर पुरेशी जाड आणि चिवट नव्हती, आणि टायरच्या खांद्याची ठेवण अशी होती की ताण नेमका तिथेच एकवटत होता. मे १९९८ च्या आधी बनलेले आणखी ३५ लाख वाइल्डरनेस एटी टायर परत मागवले गेले. फायरस्टोनने १९९८ मध्ये पाचर सुधारली होती. म्हणजे कुणाला तरी ती अपुरी आहे हे समजलं होतं. डेकेटरचा कारखाना डिसेंबर २००१ मध्ये बंद झाला.

टायर की गाडी

फोर्डचा मुद्दा सोपा होता : काही लाख एक्स्प्लोररवर गुडइयरचे टायर होते आणि ते असे सुटले नाहीत. म्हणजे दोष टायरचा. फायरस्टोनचा मुद्दाही सोपा होता : हेच टायर रेंजरवर असताना इतकी माणसं मेली नाहीत. म्हणजे दोष गाडीचा.

माझ्या मते दोन्ही मुद्दे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. टायर का सुटला, याचं उत्तर टायरमध्ये आहे. टायर सुटल्यावर माणूस का मेला, याचं उत्तर गाडीची उंची, तिचा तोल आणि त्या क्षणीचा वेग यांत आहे. फायरस्टोनच्या तज्ज्ञांनी दाखवायचा प्रयत्न केला की मागचा टायर सुटल्यावर एक्स्प्लोरर प्रमाणाबाहेर वळते. सुरक्षा प्रशासनाने फेब्रुवारी २००२ मध्ये गाडीची वेगळी चौकशी नाकारली. टायर सुटल्यावर ती तिच्या वर्गातल्या इतर गाड्यांपेक्षा वेगळी वागत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या वर्गातल्या सगळ्याच गाड्या उंच होत्या, हे लक्षात घेतलं तर या उत्तराने मालकाचं समाधान व्हावं असं मला वाटत नाही. २००२ ची नवी एक्स्प्लोरर आली ती डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढवून.

२१ मे २००१ रोजी फायरस्टोनने पत्र लिहून फोर्डला टायर पुरवणं थांबवलं. जवळपास शतकभराचं नातं असं संपलं. दुसऱ्याच दिवशी फोर्डने आणखी १.३ कोटी वाइल्डरनेस एटी टायर स्वखर्चाने बदलण्याची घोषणा केली, खर्च सुमारे ३ अब्ज डॉलर. फायरस्टोनचे प्रमुख मासातोशी ओनो ऑक्टोबर २००० मध्येच पदावरून पायउतार झाले होते. फोर्डचे प्रमुख जॅक नासर ऑक्टोबर २००१ मध्ये पायउतार झाले.

नंतरचे नियम

१ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ज्यावर सही केली तो ‘ट्रेड’ (TREAD) कायदा सुनावण्यांनंतर दोन महिन्यांत झाला. त्याची कलमं वाचताना या प्रकरणातली एकेक भेग आठवते. परदेशात रिकॉल किंवा तशी मोहीम ठरवली तर पाच कामाच्या दिवसांत अमेरिकेत कळवायची : हे सौदी अरेबियाचं कलम. मृत्यू, जखमा, मालमत्तेचं नुकसान, वॉरंटी, ग्राहकांच्या तक्रारी यांची बेरीज उत्पादकांनी दर तिमाहीला सरकारला द्यायची : हे बॉयडन यांच्या फायलींचं कलम. टायर फुकट बदलून देण्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. टायरची टिकाऊपणाची चाचणी तोवर १९६८ पासून लागू असलेल्या मानकाप्रमाणे ताशी ८० किलोमीटरला होत असे. नव्या मानकात ती १२० ला होते आणि पाठोपाठ कमी हवेवर पुन्हा चालवून पाहतात. डीओटी क्रमांकाची सोयही बदलली. तो बाहेरच्या बाजूनेही वाचता यावा यासाठी नियम झाले.

आणि डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा, घोड्याच्या नालासारख्या आकृतीत उद्गारचिन्ह असलेला, तोही याच कायद्यातून आला. सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या हलक्या वाहनात तो सक्तीचा आहे. हवा दारावरच्या पट्टीतल्या आकड्यापेक्षा पंचवीस टक्के उतरली की तो लागतो. ३० पौंडाच्या गाडीत साडेबावीसला. २६ च्या गाडीत हिशेब साडेएकोणीसचा येतो, पण नियमाने या जातीच्या टायरसाठी २० च्या खाली जायला मनाई केली आहे. पट्टीवर कोणता आकडा छापायचा, हे अजूनही गाडी बनवणाराच ठरवतो. एक्स्प्लोररपुरता तो फोर्डने सप्टेंबर २००० मध्ये बदलून ३० केला.